कुलूप कुणाच्या सायकलीला?

आमच्या घराच्या जिन्याखाली दोन सायकली उभ्या असतात. एक माझ्या लेकीची, एक माझ्या पुतणीची. दोन्ही गिअरच्या, जाड टायरच्या, एकाच दिवशी एकाच दुकानातून आणलेल्या. लेकीच्या सायकलीच्या चाकात कायम लाल मुरूम अडकलेला असतो आणि त्यावरून रविवारी दुपारी माझी नि तिची हमखास जुंपते. जिना झाडून घेणारी मी ना! पुतणीची सायकल मात्र स्वच्छ आहे. नुसती धूळ बसलीय तिच्यावर, आणि मागच्या चाकात साखळीचं कुलूप आहे. गेली दोन वर्षं.

मैत्रिणींनो, आज मला त्या कुलपाबद्दल बोलायचंय.

आमची वाई तशी सायकलवाल्यांची. शाळा, बाजार, क्लास, सगळं सायकलवर. मी स्वतः परकर-पोलक्याच्या वयात भाड्याच्या सायकलीवर मेणवलीच्या घाटापर्यंत जायचे. लग्न झालं नि सायकल सुटली, ती तुमच्या-माझ्यासारख्या सगळ्यांचीच सुटते तशी. आता मात्र नवंच वारं आलंय. पोरं रविवारी सकाळी डोंगराकडे सायकली घेऊन जातात. डांबरी रस्त्यानं पसरणीचा घाट चढून पाचगणीला जाणारी वेगळी, आणि डांबर सोडून पाणंदीतून, बैलगाडीच्या चाकोरीतून, पायवाटेनं डोंगराच्या कुशीत शिरणारी वेगळी. आमच्या घरातली मंडळी या दुसऱ्या जातीची.

हा खेळ काही आपल्याकडचा नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या टमालपायस नावाच्या डोंगराच्या परिसरात काही तरुणांनी जुन्या, जडशीळ सायकली कच्च्या वाटांवरून खाली पिटाळायला सुरुवात केली. १९७६ मध्ये तिथल्या एका उतारावर त्यांनी शर्यत लावली. उतार इतका तीव्र, की खाली येईपर्यंत ब्रेकमधलं वंगण जळून जायचं आणि दर वेळी नवीन भरावं लागायचं! पुढे वीस वर्षांत, म्हणजे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, हा खेळ आला सुद्धा. आणि पहिल्याच वर्षी पुरुषांबरोबर बायकांचीही शर्यत झाली. हे मी मुद्दाम सांगतेय. कारण पुढे कामाला येणार आहे.

तर दोन वर्षांपूर्वीची दिवाळीची सुट्टी. आळीतली सात मुलं, चार मुलगे आणि तीन मुली, पांडवगडाच्या पायथ्याला धावडीच्या बाजूला सायकली घेऊन गेली. त्यात माझी लेक, पुतणी आणि पुतण्या, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंचा मुलगा. घरी काय सांगितलं? "जरा फिरून येतो." बस्. कुठे, कोणत्या वाटेनं, किती वाजता परत, काही नाही. आम्हीही विचारलं नाही. फराळाचं आवरत होतो.

परतीच्या उतरणीवर पुतण्यानं पुढचा ब्रेक करकचून दाबला. पुढचं चाक जागीच थांबलं आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. हेल्मेट होतं हो, चांगलं महागातलं होतं. पण 'गरम होतंय' म्हणून हँडलला लटकवलेलं. हासळीचं हाड मोडलं, कपाळाला चार टाके पडले. कपाळावर निभावलं ही देवाचीच कृपा. त्या खोबणीत कुणाच्याच मोबाइलला रेंज नव्हती. मुलगे घाबरून गेले होते, एक तर रडायलाच लागला. तेव्हा माझ्या पुतणीनं आपली ओढणी गळ्यातून काढून भावाचा हात झोळीत बांधला, त्याला उठू न देता सावलीत बसवून ठेवलं. माझी लेक एका मैत्रिणीला बरोबर घेऊन सायकलवर खाली धावडीला गेली आणि एका भल्या माणसाचा टेम्पो घेऊन वर आली. दवाखान्यात पोचायला तीन तास लागले.

मग व्हायचं ते झालं. घरात बैठक बसली. सासूबाई, जाऊबाई, दीर, आमचे हे, सगळ्यांचा एकमुखानं निर्णय झाला की आता सायकली बंद. तिन्ही सायकलींना कुलपं. चाव्या देवघरातल्या डब्यात.

संक्रांतीच्या आत पुतण्याच्या सायकलीचं कुलूप निघालं. "मुलगा आहे, किती दिवस घरात कोंडणार?" असं दीर म्हणाले. मुलींच्या सायकलींचा विषयच कुणी काढला नाही. आणि मी इथे कुणाला नावं ठेवत नाही बरं का. माझ्या लेकीच्या सायकलीला कुलूप मी स्वतःच्या हातानं लावलं होतं. बचत गटाच्या मेळाव्यात माईक हातात घेऊन 'मुलींना बळ द्या' म्हणणारी मी! एके रात्री भांडी आवरताना लेक शांतपणे म्हणाली, "आई, पडला दादा. मग कुलूप माझ्या सायकलीला का?"

मी म्हटलं, "उद्या बोलू." त्या रात्री झोप काही लागली नाही.

दुसऱ्या दिवशी बोलले नाही, पण एक केलं. पुतण्याची सायकल हाताला धरून बाजारातल्या सायकलवाल्या मामांकडे नेली. मामांनी ती उलटी केली, चाक फिरवलं आणि म्हणाले, "वहिनी, पाठीमागच्या ब्रेकचं रबर पार झिजून गेलंय. मागचा ब्रेक लागतच नव्हता. पोरगं नुसतं पुढच्यावरच थांबवत असणार." झालं! आम्ही डोंगराला बोल लावत होतो, वयाला लावत होतो, शेजारणी तर अमावास्येला लावत होत्या. आणि खरं कारण बोटभर रबरात होतं. आठवड्याच्या भाजीपेक्षाही कमी पैशात बदलून मिळालं असतं ते.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं. डोंगरात जाऊ द्यायचं की नाही, हा प्रश्न आपण उगाच आधी विचारतो. आधी विचारायचं ते हे, की तयारी काय केलीय? आणि ती बघायची तर आपल्याला, आयांना, त्यातलं काही कळायला हवं. मी बी. ए. समाजशास्त्रवाली. ब्रेकचं शास्त्र मला कुठून येणार? पण स्वयंपाकही आपण कुणाच्या कॉलेजात शिकलो नाही. मी मामांच्या दुकानात चार दुपारी बसले, लेकीकडून शिकले, आणि हसू नका, गेल्या वर्षापासून स्वतःही जाऊ लागले. आधी धोमच्या कालव्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्यानं, मग पाणंदीनं. सेहेचाळिसाव्या वर्षी. पहिल्या दिवशी एका म्हशीनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ना, ती नजर मी विसरणार नाही.

आता शिकले ते सांगते. निघण्याआधीची पाच मिनिटं फार महत्त्वाची. टायर अंगठ्यानं दाबून बघायचा. टायरच्या कडेलाच हवा किमान किती, कमाल किती, ते छापलेलं असतं. कच्च्या वाटेवर डांबरापेक्षा थोडी कमी हवा बरी, म्हणजे टायर दगडावर उसळत नाही, माती धरून राहतो. पण फार कमी केली तर दगडावर ट्यूब चिमटते. मग दोन्ही ब्रेक एकेक करून दाबायचे आणि सायकल पुढे ढकलून बघायची. चाक फिरलं तर त्या दिवशी घरी बसायचं, काही हट्ट करायचा नाही. बहुतेक सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, पण आपल्या सायकलीचा कोणता ते स्वतः दाबून बघा. साखळी कोरडी करकरत असेल तर तेलाचे थेंब आणि वरचं तेल फडक्यानं पुसून काढणं, नाहीतर तेलाला धूळ चिकटून तिची उटी होते. शेवटी सायकल वीतभर उचलून खाली सोडायची. काही खडखडलं, तर काहीतरी सैल आहे. ही शेवटची युक्ती मामांची. कुकरची शिटी जशी कानाला कळते, तसा तो आवाज पुढे कळायला लागतो.

हेल्मेटबद्दल जरा जास्तच बोलणार आहे. डोक्याचा घेर भुवईच्या बोटभर वर टेप धरून मोजायचा आणि त्या मापाचं घ्यायचं. 'पुढे वाढेल' म्हणून शाळेच्या गणवेशासारखं मोठं घेऊ नका! कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट म्हणजे डोक्यावरचा पदर, शोभेपुरता. पुढची कड भुवईच्या वर दोन बोटांवर आली पाहिजे, कानाच्या दोन्ही बाजूंनी पट्टे उतरून खाली जुळले पाहिजेत, आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एखाददुसरं बोटच जावं. मुलींनी वेणी खाली घालावी, अंबाडा किंवा उंच पोनीटेल असेल तर हेल्मेट नीट बसतच नाही. आणि एकदा त्यावर जोराचा आपटा बसला, की ते गेलं समजायचं. वरून तडा दिसला नाही तरी आतल्या थर्मोकोलसारख्या थराचं काम संपलेलं असतं. पुतण्याचं हेल्मेट मात्र शाबूत आहे, हँडलला होतं ना!

चढावर माणूस दमतो, उतरणीवर पडतो. त्यामुळे खरं शिकायचं ते उतरायला. उतार सुरू व्हायच्या आधीच वेग कमी करायचा. दोन्ही ब्रेक हळूहळू, दाबत-सोडत वापरायचे, करकचून नाही. पायडल एका पातळीत, पार्श्वभाग सीटवरून थोडा उचलून मागे, कोपरं नि गुडघे सैल. सीट एरवीपेक्षा थोडी खाली केली की मागे सरकायला जागा होते. आणि नजर दगडावर ठेवायची नाही, पुढच्या मोकळ्या वाटेवर ठेवायची. नजर जिथे जाते तिथे सायकल जाते, हे मी स्वतः एका बाभळीत शिरून पडताळून पाहिलंय. न जमणारी उतरण आली तर खाली उतरून सायकल हातानं न्यायची. त्यात कसली आलीय लाज? माझी निम्मी उतरण मी चालतच करते. शिकायला आधी शाळेचं मोकळं मैदान, मग शेताकडचा साधा उतार, मग डोंगर. हा क्रम कुणी मोडू नये.

बरोबर काय? एक जास्तीची ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, पान्यांचा जोड. आणि पंक्चर काढायचं घरी दोनदा करून बघितलेलं असावं. पिशवीत सगळं सामान आणि हाताला सवय नाही, असं असेल तर ते सामान नुसतं ओझं. पाणी तासाला साधारण अर्धा लिटर धरून चाला, उन्हाळ्यात जास्त. तहान लागायची वाट न बघता घोट घोट प्यायचं. थोडं पाणी मीठ, साखर, लिंबू घातलेलं. खायला गूळ-शेंगदाणे, खजूर, दशमी. बिस्किटांपेक्षा हे पोटात टिकतं, आणि मागे प्लॅस्टिक उरत नाही.

आणि सगळ्यात स्वस्त तयारी म्हणजे एक कागद. आमच्या फ्रिजवर आता तो लागलेला असतो. कोण कोण चाललंय, कोणत्या वाटेनं, परतीची वेळ काय, आणि त्या वेळेनंतर एक तास झाला नि फोन लागला नाही तर कुणाला सांगायचं. गावातल्या एखाद्याचा नंबरही त्यात. मोबाइलवर भरवसा ठेवून चालत नाही, डोंगराच्या आड रेंज जाते. पण रेंज असेल तेव्हा ११२ हा एकच नंबर पोलीस, आग, मदत या सगळ्याला चालतो आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे, हे घरातल्या आजीलाही पाठ असू द्या. त्या दिवशी हा कागद असता, तर तीन तासांचा एक तास झाला असता.

पडलेल्याला लगेच उठवून पाणी पाजायची आपल्याकडे फार घाई असते. मान किंवा पाठ दुखते म्हणाला तर हलवूच नये, डोक्याला लागलं असेल तर 'काही नाही झालं' म्हणाला तरी त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसू देऊ नये. उलटी झाली, सुस्ती आली, बोलणं बदललं, तर थेट दवाखाना. गवतात घोणस, फुरसं असतातच आपल्याकडे. साप चावला तर कापाकापी नाही, आवळून बांधणं नाही, मांत्रिक तर नाहीच नाही. चावलेला हातपाय न हलवता धीर देऊन लवकरात लवकर जिथे प्रतिविष मिळतं अशा दवाखान्यात. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर तिथे धूर नाही, गोंगाट नाही, अत्तर-सेंट घरीच ठेवा.

आता बाईमाणसाचं. पेपरात हे लिहायला अजूनही कुणाचा हात धजत नाही, म्हणून मीच लिहिते. ओढणी आणि सैल सलवार साखळीत अडकते. त्या दिवशी ओढणी उपयोगी पडली हे खरं, पण ती पिशवीत असावी, गळ्यात नको. बुटाची नाडी आत खोचायची. लघवी लागेल म्हणून पाणी न पिणाऱ्या बायका मी पाहिल्यात, स्वतः मी तेच करायचे. डोंगरात हे धोक्याचं. दोघी आडोशाला गेल्या, एक वाटेवर उभी राहिली, संपला प्रश्न. पाळीत जायचं की नाही हे जिचं तिनं ठरवावं, पण वापरलेलं पॅड कागदात, मग पिशवीत बांधून घरी आणायचं, झुडपात टाकायचं नाही. सीट टोचते म्हणून पुष्कळ जणी पहिल्या आठवड्यात सायकल सोडतात. बसल्यावर टाच पायडलवर ठेवली की पाय जेमतेम सरळ व्हावा, एवढी सीटची उंची असली की निम्मं दुखणं जातं.

जाऊबाईंचं म्हणणं वेगळंच होतं. त्या मला म्हणाल्या, "तुझं ते ब्रेकचं सगळं पटतं गं. पण पोरगी पडेल याची मला भीतीच नाही. वाटेत कुणी गाठलं तर?" ह्यावर मी त्यांना वाद घातला नाही. ही भीती खोटी नाही, आपण सगळ्या ती पोटात घेऊनच वाढलोय. मी एवढंच म्हटलं, "वहिनी, आपली पोरगी बसस्टँडवरून क्लासला एकटी जाते तेव्हाही ती भीती असतेच की. तिला तिथे आपण जाऊ देतो, कारण क्लासला जाणं आपल्याला गरजेचं वाटतं." आमच्या गटाचा नियम असा, की तिघींपेक्षा कमी जणी डांबर सोडत नाहीत. वाटेतल्या वाडीत थांबून कुणा आजीशी, मावशीशी चार शब्द बोलायचे. ओळख वाढली की वाट आपली होते. परत वळायची वेळ आधी ठरलेली, ऊन उतरायच्या आत गावात. आणि कानात गाणी अजिबात नाहीत. मागून येणारा माणूसही ऐकू यायला हवा आणि गाडीही.

आतापर्यंत आपल्या जिवाचं बोलले. पण डोंगर आणि शेतं काही आपल्या मालकीची नाहीत, हे मी एका शेतकरी दादांकडून ऐकून घेतलंय. आमची पोरं एकदा त्यांच्या बांधावरून शॉर्टकट मारून गेली. बांधाशेजारच्या, नुकतंच पाणी दिलेल्या हळदीच्या वाफ्यांवर टायरचे चर पडले आणि काट्यांची झाप उघडी राहिली, त्यातून शेळ्या आत आल्या. दादा आमच्या दारात आले. आवाज चढलेला होता आणि चढायलाच हवा होता. दुसऱ्या रविवारी मी सगळ्या पोरांना घेऊन त्यांच्याकडे गेले. माफी मागितली, वाफे सारखे करून दिले. चहा त्यांच्याच घरी झाला. आता त्यांनीच पोरांना ओढ्याकडची एक सुंदर पाणंद दाखवलीय, जी आम्हाला ठाऊकच नव्हती.

अमेरिकेत १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सायकलवाल्यांच्या संस्थेनं या वाटांसाठी सहा नियम केलेत. परवानगी असलेल्या वाटेनंच जा, मागे खूण ठेवू नका, सायकल ताब्यात ठेवा, दुसऱ्याला वाट द्या, जनावरांना बुजवू नका, तयारीनिशी निघा. मला वाचून गंमत वाटली. आमची आजी शेताच्या वाटेनं चालताना आम्हाला हेच सांगायची, फक्त तिच्यापुढे सायकल नव्हती. पायी चालणाऱ्याला, डोक्यावर मोळी असलेल्या बाईला आधी वाट. चढून येणाऱ्याला उतरणाऱ्यानं वाट द्यायची. मेंढरं दिसली की खाली उतरायचं, धनगराला हाक द्यायची. त्याची कुत्री धावत्या चाकामागे लागतात, चालणाऱ्या माणसाकडे सहसा बघून सोडून देतात.

आणि दोन गोष्टींवर माझं पोरांशी कडाक्याचं भांडण आहे. एक पावसाळा. हिरवं दिसलं की पोरांना सायकल काढावीशी वाटते. पण ओल्या मातीत टायरचा जो चर पडतो त्यातून पुढच्या पावसाचं पाणी धावतं, आणि बघता बघता पायवाटेची घळ होते. त्या वाटेनं म्हाताऱ्या माणसांना देवाला जायचं असतं, शाळेच्या पोरांना जायचं असतं. माती बुटाला चिकटत असेल, तर त्या दिवशी डांबरावरून जा. कासला तर सप्टेंबरमध्ये रानफुलं बघायला झुंबड असते. तिथल्या जांभ्या खडकावर मातीचा थर जेमतेम असतो, त्यावरून एक चाक गेलं तरी तो उखडतो. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशात गेला, त्यात कासही आहे. फोटोसाठी त्या सड्यावर सायकल घालणाऱ्याला माझ्या मते सायकलच देऊ नये. अभयारण्यात, राखीव जंगलात वनखात्याला विचारल्याशिवाय पाऊल नाही, मग चाक कुठलं?

दुसरं म्हणजे आग. फेब्रुवारीपासून गवत वाळून काडी होतं. मॅगी करायला तीन दगड मांडले, वारा आला, की अख्खा डोंगर पेटतो. वणव्यात घरट्यातली अंडी, करवंदीची जाळी, गुरांचा चारा, सगळं जातं. दशमी न्या म्हटलं ते काही उगाच नाही.

आमच्या महिला मंडळात मी हा विषय काढला, तेव्हा एकीनं फटकारलं, "हे पैसेवाल्यांचे चोचले. बायकांना प्यायला पाणी नाही नि तुला सायकली सुचतात." मला राग आला, पण तिचं निम्मं खरंच आहे. गिअरची चांगली सायकल आणि हेल्मेट प्रत्येक घराला झेपणारं नाही. म्हणून मग आम्ही बचत गटातल्या चौघींत मिळून दोन सायकली आणि दोन हेल्मेटं सामाईक घेतली. पाळीपाळीनं नेतो. शाळेला मिळालेल्या साध्या सायकलीवरही कालव्याचा रस्ता मजेत होतो, फक्त तिच्यावर डोंगराची उतरण उतरू नये, तिचे ब्रेक त्यासाठी नसतात. पण माझं उरलेलं निम्मं मी सोडणार नाही. पाणी आणायला, शेण टाकायला, मोळी आणायला डोंगरात गेलेली बाई चालते. तिथे तिला कुणी साप-विंचू-अंधार सांगत नाही. ती नुसती आनंदासाठी गेली, की लगेच सगळ्यांना तिच्या जिवाची काळजी लागते!

माझ्या लेकीच्या सायकलीचं कुलूप मी ज्या दिवशी काढलं, त्या दिवशी आमच्या ह्यांनी दोन तास अबोला धरला आणि मग स्वतःच पंप आणून दिला. सासूबाई अजूनही दर रविवारी निघताना अंगारा लावतात. लावू देत. फ्रिजवरचा कागद मात्र त्याच वाचतात आणि परतीची वेळ टळली की पहिला फोन त्यांचाच येतो.

जाऊबाईंचा होकार अजून आलेला नाही. मी मागेही लागत नाही, पोटच्या पोराला टाके पडताना त्यांनी पाहिलंय. परवा दुपारी मात्र त्या ओट्याशी भाजी निवडत होत्या, आणि वर न बघताच म्हणाल्या, "डोक्याचा घेर भुवईच्या वर मोजतात म्हणालीस ना?"

मी शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन गेले. पुतणी अभ्यासाला बसली होती, तिनं पुस्तकातून डोकं सुद्धा हलवलं नाही. चोपन्न सेंटिमीटर भरला.